होचू म्हणजे येईन

14 सप्टेंबर, रविवार, बेलग्रेड

दोनदा साबण लावला तरी हाताचा भाजलेल्या मिरच्यांचा वास गेलेला नाही. आज समोरच्या तेताकडे आयवार, म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी, करायची होती. तेता म्हणजे आपल्या मावशीसारखंच, ओळखीच्या मोठ्या बाईला म्हणतात. सप्टेंबर लागला की इथे गल्लीगल्लीत हाच वास, लांबट लाल मिरच्या पोत्याने आणायच्या, भाजायच्या, झाकून ठेवायच्या म्हणजे वाफेने साल सुटतं, मग सोलून वाटून तेलात तासन्‌तास ढवळत बसायचं. थोडक्यात भरताचं वांगं सोलतो तसंच, फक्त हिवाळाभर पुरेल एवढं.

पण लिहायचंय ते इथल्या सर्बियन भाषेच्या फ्युचर टेन्सबद्दल. जुलैमध्ये तेताने मला जिन्यात विचारलं होतं, "होचेश ली दोची सुत्रा ना काफू?" सुत्रा म्हणजे उद्या, काफू म्हणजे कॉफीला, एवढं कळलं. आणि होचू हा शब्द मला दुकानातला माहीत होता, होचू ह्लेब, मला ब्रेड हवाय. म्हणजे ती विचारतेय उद्या कॉफीला यायला आवडेल का, असं मी धरलं आणि आपण म्हणतो ना हो हो यायचंय ना एकदा, त्या सुरात म्हटलं "होचू". दुसऱ्या दिवशी कामं निघाली, मी गेले नाही, डोक्यातही आलं नाही की जायचं होतं.

तिसऱ्या दिवशी ती दारात उभी. रागावली नव्हती, फक्त म्हणाली, "रेक्ला सी दा चेश दोची." येशील म्हणाली होतीस. तिने कॉफी करून दोन कप मांडून ठेवले होते. मला खूप वाईट वाटलं, अजून वाटतं.

त्याच आठवड्यात टीचरला विचारलं तेव्हा उलगडलं. ह्तेती, म्हणजे हवं असणं, याच क्रियापदापासून त्यांचा भविष्यकाळ होतो. पूर्ण रूप होचू म्हणजे मला हवंय, आणि त्याचंच झिजून छोटं झालेलं चू म्हणजे आपलं करीन-येईनमधलं ईन. पण तेतासारखा 'ली' लावून प्रश्न विचारताना आणि एका शब्दात उत्तर देताना पूर्ण रूपच येतं. म्हणजे मी त्या दिवशी जिन्यात सरळ सरळ "येईन" म्हणाले होते, शब्द दिला होता. आणि ही नुसती सर्बियनची गोष्ट नाही, शेजारच्या बल्गेरियन, रोमेनियन, ग्रीकमध्येसुद्धा भविष्यकाळ 'हवं'मधूनच आलाय. मला हे फार आवडलं, हवं म्हणता म्हणता ते होईल झालं.

मग हे चू कुठे ठेवायचं यावर दोन आठवडे गेले. सुत्रा चू दोची चालतं, दोची चू सुत्रा चालतं, पण चू आधी ठेवून वाक्य सुरूच करता येत नाही. नियम वाचून काही डोक्यात शिरत नव्हतं आणि एकदम भाजी चिरताना लक्षात आलं की अरे हा तर आपला 'च' आहे! मीच, उद्याच, तिथेच. आपला च कधी एकटा पुढे उभा राहतो का, त्याला आधी कुणीतरी लागतंच. अर्थ वेगळा, पण स्वभाव तोच आणि आवाजही जवळपास तोच. त्यानंतर चू कधी चुकलं नाही.

लिहिताना ते आधीच्या क्रियापदाला चिकटतं, रादितीमधलं ती गळून रादिचू, काम करीन. येस्ती म्हणजे खाणं, त्याचं येश्चू. दोचीसारखी ची-वाली मात्र चिकटत नाहीत, दोची चू वेगळंच लिहायचं. झाग्रेबमध्ये क्रोएशियन लोक पहिलंही दोन शब्दांत लिहितात, बोलताना मात्र सारखंच.

आणि मुलगी-मुलगा भानगड नाही. भूतकाळात आहे, रेक्लामधला ला मी बाई म्हणून, आपल्या गेली-आलीसारखा, ल सुद्धा तोच. पण रादिचू कुणीही म्हणावं, जसं आपलं करीन.

दुसरा भविष्यकाळ अजून कच्चा आहे, जर-तरचा. आको बुदेम झिवेला ओवदे, जर मी इथे राहत असले तर. इथे तो ला परत येतो. हे वाक्य मी वहीत सगळ्यात जास्त वेळा लिहिलंय, कारण ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंतच आहे आणि आई दर रविवारी फोनवर विचारते, कधी येणार.

आज निघताना तेताने विचारलं, पुढच्या वर्षी येशील ना सोलायला, होचेश ली. नुसतं होचू म्हणायला जीभ धजेना. मी म्हटलं, "होचू, आको बुदेम झिवेला ओवदे." सावकाश, पण न चुकता.

तिने बरणीचं झाकण परत एकदा घट्ट केलं, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बिचेश." असशील.