तुम्ही विचारलंत म्हणून: लॅबमध्ये काम करून चमत्कार मानता?

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. कधी नवीन जॉइन झालेली मुलं विचारतात, कधी नातेवाईक, आणि परवा एका ताईंनी फोनवर सरळच विचारलं, "तुम्ही दिवसभर मशीनसमोर असता, लोकांच्या रक्तातली साखर न् क्षार मोजता, मग कुमारीच्या पोटी बाळ, पाण्यावर चालणं, मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठणं, हे बायबलमधले येशूचे चमत्कार तुम्ही खरंच मानता की लहानपणापासून कानावर पडलंय म्हणून म्हणता?" तेव्हा घाईत काहीतरी उत्तर दिलं, ते मला स्वतःलाच पटलं नाही. म्हणून आता नीट बसून लिहिते.

हो, मानते. रूपक म्हणून नाही, की मनाला आधार म्हणून नाही. घडलं असं मानते.

पहिली गोष्ट, "त्या काळचे लोक भोळे होते, त्यांना विज्ञान कुठे माहीत होतं" असं सगळे म्हणतात ना, ते मला बायबल वाचून अजिबात पटत नाही. मेलेलं माणूस उठत नाही हे कळायला मायक्रोस्कोप लागत नाही, आणि त्यांच्या घरातली माणसं तर आपल्यापेक्षा जास्त मरायची, तीही त्यांच्या डोळ्यांदेखत. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, बायका येशूची रिकामी कबर बघून धावत येऊन सांगतात तर खुद्द प्रेषितांना, म्हणजे त्याच्या जवळच्या शिष्यांना, ती वायफळ बडबड वाटते. योसेफाला त्याची वाग्दत्त वधू, येशूची आई मरीया, गरोदर असल्याचं कळलं तेव्हा तो गुपचूप तिला सोडून द्यायला निघाला होता, कारण मूल कसं होतं हे त्याला चांगलं माहीत होतं. सदूकी नावाचा यहुदी पंथ तर पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांचं उठणंही मानत नव्हता आणि देवदूतही नाही, आणि ते यरुशलेमेतले मोठ्या घरचे, मंदिराचा कारभार बघणारे लोक. येशूचा सुरुवातीचा प्रचारक पौल अथेन्समध्ये बोलायला उभा राहिला तेव्हा बाकी सगळं लोकांनी ऐकून घेतलं, पण मेलेल्यांतून उठण्याचा विषय निघाला आणि काही जण हसायला लागले. म्हणजे आज मला हसतात ते काही नवीन नाही, दोन हजार वर्षांपासून तेच चाललंय.

आता लॅबचं. आमच्याकडे सकाळी पेशंटचं सॅम्पल लावायच्या आधी कंट्रोल लावतात, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं सॅम्पल, ते बरोबर आलं तरच मशीनवर विश्वास ठेवायचा. पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 मध्ये असायला हवं. समजा चालत आलेल्या, धडधाकट माणसाचं 8 आलं तर मी तो आकडा लगेच कळवत नाही, आधी संशय घेते. सॅम्पलमधल्या पेशी फुटल्या का बघते, नाव-नंबर बघते. कॅल्शियमही बघते, कारण जांभळ्या टोपीच्या ट्यूबमधलं रक्त कुणी चुकून दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं तर त्यातल्या औषधामुळे पोटॅशियम भलतंच वर जातं आणि कॅल्शियम पार तळाला. मग रिपीट करते, नवीन सॅम्पल मागवते. आणि एवढं सगळं करूनही आकडा तोच राहिला तर? तर तो लिहायचा आणि तडक डॉक्टरांना फोन करायचा. "असा आकडा येऊच शकत नाही" असं आधीच ठरवून मी तो पुसला, तर त्याला कुणी सायन्स म्हणणार नाही.

डेव्हिड ह्यूम नावाचा मोठा तत्त्ववेत्ता होऊन गेला, त्याने 1748 साली चमत्कारांवर जे लिहिलं ते आजही लोक वेगवेगळ्या शब्दांत मला ऐकवतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की निसर्गनियमाच्या बाजूने सगळ्या माणसांचा सगळा अनुभव उभा आहे, तेव्हा दुसऱ्या बाजूला कुणाची साक्ष कितीही चांगली असली तरी ती कमीच पडणार. त्यातला संशय मला शंभर टक्के मान्य आहे, रोजचं कामच ते आहे माझं. पण सगळ्यांचा अनुभव एकाच बाजूला आहे हे आधीच धरून चाललं तर उरलेली साक्ष तपासायची कशाला, तिथे निकाल ठरवून मग सॅम्पल लावल्यासारखं होतं. आणि निसर्ग नियमाने चालतो म्हणूनच तर चमत्कार ओळखू येतो ना. काहीही कधीही होतं अशा जगात कबर रिकामी सापडली असती तर कुणी मान वर करूनही बघितलं नसतं.

मग मी काय तपासलं? एकच गोष्ट. पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पहिलं पत्र लिहिलं (ते बायबलमध्ये आहे) ते इ.स. 55 च्या आसपास, म्हणजे वधस्तंभानंतर वीस-पंचवीस वर्षांत, आणि त्यात तो म्हणतो की उठलेला येशू पाचशेपेक्षा जास्त लोकांना एकाच वेळी दिसला आणि त्यातले बरेचसे अजून जिवंत आहेत. आणि त्याच अध्यायात तो स्वतःहून सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा प्रचार व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. किती सरळ बोललाय. याने गणितासारखी सिद्धता मिळत नाही हे मला कळतं, पण साक्षीदार आहेत, ते आधी स्वतः मानायला तयार नव्हते आणि नंतर त्यातले काही त्यासाठी मेले, एवढ्यावर मी विश्वास ठेवते.

काही लोक म्हणतात, येशूची शिकवण घ्या न् चमत्कार सोडून द्या. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले थॉमस जेफरसन यांनी 1820 च्या सुमारास खरोखरच ते केलं होतं, शुभवर्तमानातले हवे ते उतारे पात्याने कापून एका वहीत चिकटवले, चमत्कार बाहेर ठेवले. त्या वहीचा शेवट कुठे होतो माहितीये? कबरीच्या तोंडावर धोंड लोटतात आणि लोक निघून जातात, तिथे. मला ते वाचून फार वाईट वाटलं. कारण मला चांगले उपदेश हवेच आहेत, पण धोंड तिथेच राहिली असेल तर मी रोज प्रार्थनेत नक्की कुणाशी बोलते?

दुसऱ्या बाजूने, प्रत्येक चमत्काराच्या बातमीवर विश्वास ठेवा असं मी कुणालाही सांगणार नाही. मी कॅथलिक नाही, तरी फ्रान्समधल्या लूर्दची पद्धत मला आवडते. 1858 मध्ये बर्नादेत नावाच्या मुलीला तिथे मरीयेचं दर्शन झालं आणि तेव्हापासून आजारी लोक जातच आहेत, पण 1883 पासून तिथे डॉक्टरांचं कार्यालय आहे, बरं झाल्याचा दावा आला की कागद, तपासण्या, जुना आजार, सगळं बघतात, वर्षानुवर्षं थांबतात. आतापर्यंत चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरच्या आसपासच आहेत, एवढे लाखो लोक येऊनही. असंच पाहिजे. स्टेजवर माइक घेऊन "गोळ्या फेकून द्या" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, त्यात माणसं जातात.

आणि जडवादाबद्दल एक सांगते. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत हे किती बरं आहे, जडवाद आणि चंगळवाद. जडवाद म्हणतो की जे आहे ते फक्त पदार्थ, त्याच्याशी वाद तरी घालता येतो. दुसऱ्याची मला जास्त भीती वाटते कारण तो वाद घालतच नाही, गुपचूप घरात येऊन बसतो. दृश्य आणि अदृश्य सगळ्याचा निर्माणकर्ता देव, असं निकेयाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे चर्चमध्ये म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, इ.स. 325 पासून म्हटलंय, रविवारी मीही ते म्हणते, आणि सोमवारपासून पगार, हप्ते आणि सुट्ट्या एवढंच खरं असल्यासारखी आठवडा काढते. असे माझे कितीतरी आठवडे गेलेत.

आता ताई, तुम्ही जे विचारलं नाहीत पण विचारायचं होतं असं वाटलं, ते. मी स्वतः चमत्कार बघितलाय का? नाही. बाबांच्या किडन्या गेल्या तेव्हा मी मागितला होता. त्यांचं सॅम्पल आमच्याकडेच यायचं, एकदा पोटॅशियम 6.9 आलं, मी तीनदा लावलं, खरंच होतं. मी एका हाताने फोन लावत होते आणि तोंडाने प्रभूचं नाव घेत होते, दोन्ही एकदम, आणि मला त्यात काही विसंगत वाटलं नाही, आजही वाटत नाही. डायलिसिसने आकडा उतरायचा, परत चढायचा. प्रार्थनेला येणाऱ्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं की घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय. ते वाक्य मला कित्येक महिने झोपू देत नव्हतं. शेवटी मला पौलाचा काटा आठवला, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, त्याने देवाकडे तीनदा मागितलं की हा काढ, आणि उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे आहे. आणि गेथशेमाने बागेत, वधस्तंभाच्या आदल्या रात्री, तर खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळो म्हणून मागितलं होतं. त्यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

बाबांना सगळं कळत होतं. मी रोज आकडा खरा सांगायचे, त्यांनी तसं वचन घेतलं होतं. शेवटच्या आठवड्यात त्यांना काही जात नव्हतं, पाणीसुद्धा मोजून. रात्री मी लूकचा चोविसावा अध्याय वाचत होते, शिष्य घाबरलेत, त्यांना वाटतंय भूत आहे, आणि येशू विचारतो तुमच्याजवळ खायला काही आहे का, मग ते त्याला भाजलेल्या माशाचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यासमोर खातो. मला वाटलं बाबा झोपलेत. पुढे वाचायला लागले तर त्यांनी दोन बोटं उचलली.

"थांब. माशाचं परत वाच."

मी परत वाचलं. मग त्यांनी अजून एकदा वाचायला लावलं.