आतून ओला

जिनातल्या रेच्यांच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या, आवाजाचा मला त्रास होत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला ऑटिझम आहे हे ज्यांना पटत नाही, त्यांचा माझ्याविरुद्धचा पहिला पुरावा तोच असतो. "दिवसभर रेच्यापाशी बसते, अन् टॅक्टरचा भोंगा वाजला का कानावर हात!" रेचे सकाळी सुरू झाले की संध्याकाळपर्यंत एकाच सुरात घरघरतात. पुढच्या क्षणी काय ऐकू येणार ते मला ठाऊक असतं. भोंग्याचं तसं नसतं. बस, एवढंच. पण हे समजावून सांगितलं की लोक म्हणतात, "पाह्य, किती मुद्द्याचं बोलते. याले काय झालं?"

मी मारेगाव-वणी पट्ट्यातल्या एका खासगी जिनात ग्रेडर आहे. कास्तकाराचा कापूस आला की मूठभर उचलायचा, अंगठ्यांत धरून धागा ओढायचा, त्याची लांबी पाहायची, कवडी (किडका कापूस) किती, पत्ती किती, ओल किती ते चिठ्ठीवर लिहायचं. सात हंगाम झाले. लहानपणी टेरिकॉटचा शर्ट अंगाला लागला की मी रडायचो, कॉलरमागची पट्टी आई ब्लेडनं उसवून द्यायची. त्याच कातडीला आता पगार मिळतो.

गोष्ट गेल्या जानेवारीतली. फाटकाबाहेर गाड्यांची रांग होती. लांब धाग्याचा हमीभाव त्या २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलला ८,११० रुपये होता. सरकारी केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, तिथून १२ पर्यंत कटती, १२ च्या वर माल परत. आमचे शेठ भाव त्यांच्या मनानं काढतात, पण ओलाव्याचा हिशेब तोच धरतात.

दुपारी एक पिकअप लागली. साठीच्या घरातले काका, डोक्याला दुपट्टा. कापूस वरून पांढराफेक. मीटरची दांडी वरच्या थरात खुपसली तर साडेनऊ. हमाल माल ओतायला लागणार, तेवढ्यात मी कोपरापर्यंत हात घातला. गार लागलं.

"आतून ओला आहे. पंधरा."

चारच शब्द. मागे पंधरा-वीस माणसं उभी होती. त्यांनी ऐकलं ते असं, की हा पोट्टा म्हणतो काकांनी कापसावर पाणी मारलं. गलका झाला. पिकअपवाल्यानं हॉर्न दाबला, त्याचं पाहून मागच्या दोघांनी दाबला.

सुपरवायझर धावत आले. "मोठ्या माणसाले चारचौघांत असं बोलतेत का बे? बाजूले घेऊन सांगता येत नाही?"

"मीटर आत लावा," मी म्हणालो.

"मीटर गेला खड्ड्यात! आधी बोलाची रीत शिक."

मी कानावरचे मफ घट्ट दाबले. मशिनवरचे कामगार घालतात तसले, साधे, वायर नाही काही नाही. "वरतून गाणे आयकून राह्यला!" ते ओरडले. तेव्हा सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं, "मला ऑटिझम आहे."

रेचे सोडून सगळं गप्प झालं. मग मापारी म्हणाला, "ते तं ल्हान पोरायले असते." काट्यावरचा ऑपरेटर म्हणाला, "हा तं वकिलावानी बोलते." रांगेतल्या कोणीतरी विचारलं, "लगन झालं ना याचं?" झालंय. सुपरवायझरांनी निकाल दिला, "मोबाइल पाहू पाहू आजकाल सगळ्यायलेच होऊन राह्यलं." लोक हसले. काहींना खरंच वाटलं असेल, की मी काका प्रकरणातून अंग काढायला हे म्हणालो.

लहान मुलांना असतं, हे बरोबर आहे. मुलं मोठी होतात, एवढंच लोक विसरतात. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत ज्या मुलांबद्दल पहिल्यांदा लिहिलं, त्यातला पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. हा डोनाल्ड पुढं गावातल्या बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायचा, गोल्फ खेळायचा, आणि २०२३ साली ८९ वर्षांचा होऊन वारला. हे मी तिथं सांगायला हवं होतं. पण अशा वेळी माझे शब्द जातात. "वकिलावानी" बोलणाऱ्याचेही जातात.

कागद दाखव, असंही लोक म्हणतात. माझा जन्म १९९४ चा. दुसऱ्याच वर्षी अपंगांसाठी कायदा आला, त्यात ७ प्रकार होते आणि ऑटिझम नव्हता. २०१६ च्या कायद्यात २१ झाले, तेव्हा तो आला. नागपूरच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी तीन भेटींनंतर मला लिहून दिलं. प्रमाणपत्रासाठी मात्र तक्ता भरतात. ४० विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम नाही. माझी ६७ आली. पहिलंच विधान नजरेला नजर देण्याबद्दलचं. मी समोरच्याच्या भुवयांकडं पाहायला वीस वर्षं लावून शिकलो, म्हणून तिथं गुण कमी पडले. तीन गुणांनी नापास. बायको म्हणाली, "तुम्ही अभ्यास जास्त केला."

असो. मी गाठींच्या मागं जाऊन बसलो. एक गाठ १७० किलोची, एका रांगेत किती, थर किती, एकूण वजन किती, असं करत राहिलो. हात हलत होते, ते हलू दिले. तिथं कोणी येत नाही.

काका आले. थोडं लांब, जमिनीवरच बसले.

"पाणी नाही मारलं बाप्पा. बाया सकाळी दवातच वेचतेत, दुपारी दुसऱ्याच्या वावरात जातेत. तसाच भरला घरात."

"पाणी मारलं असं मी म्हणालोच नाही."

"हाव. ओला हाये म्हटलं तू. मी आयकलं ना. ओलाच हाये."

अख्ख्या फाटकावर माझं वाक्य जसंच्या तसं ऐकणारा हा एकच माणूस निघाला, आणि तोही ज्याचा माल होता तो.

मग ते म्हणाले, "पण ते दुसरं म्हटलं ना, ते नको म्हणत जाऊ. माह्या नातवाले हाये ते. सात वर्साचा झाला, मायले माय म्हणत नाही. मिक्सर लागला का भितीले डोकं आपटते. आधी बाहेरचं लागलं म्हणून समदं करून पाह्यलं, मंग नागपूरले नेलं. तू तसा नाहीस बेटा. ते नाव असं वापराचं नाही."

मापाऱ्याला द्यायला माझ्याकडं डोनाल्ड होता. यांना द्यायला काहीच नव्हतं. त्यांच्या घरातलं मी पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्याशी भांडतही नव्हते. बराच वेळ मी त्यांच्या भुवयांकडंही पाहिलं नाही.

"मिक्सर लावायच्या आधी त्याला सांगता का?" मी विचारलं.

"त्याले कुठं समजते?"

"बटण दाबायच्या आधी रोज तेच करून दाखवा. भांडं दाखवा, बोटानं तीन मोजा, मग दाबा. रेच्याचा आवाज मला चालतो, कारण तो येणार हे मला माहीत असतं."

यावर ते काही बोलले नाहीत. मी पुढं म्हणालो, "त्यानं फरक पडेलच असं सांगता येत नाही."

"तो तुह्यावानी होईन का?"

"तेही सांगता येत नाही."

एवढ्यात मीटर शेवटी आत लावल्याचं हमाल सांगत आला. चौदा पॉइंट आठ. पंधरा नव्हते. ते दोन दशांश मला अजून खुपतात. सुपरवायझर काही बोलले नाहीत, माल परत करा म्हणून हातानंच खूण केली.

काका उठले, दुपट्टा झटकला, आणि माझ्या गळ्यातल्या मफकडं बोट दाखवलं. "हे कायचं हाये?"

"आवाज कमी होतो."

"कितीले?"

"तीनशे साठ. यवतमाळला हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. लहान डोक्याला सैल होईल, आतून फडकं लावा. आधी नुसतं जवळ ठेवा, लगेच घालू नका, नाहीतर फेकून देईल."

"लिहून दे."

लिहायला कागद नव्हता. त्यांच्या हातातली चिठ्ठी घेतली. तिच्या पुढच्या बाजूला माझ्याच अक्षरात होतं: ओलावा १४.८, माल परत. मागच्या बाजूला मी लिहिलं: कानाचे मफ, ३६० रुपये, आत सुती फडकं.