तळ्यात किती मासे मावतात

पाऊस लागला की गावात, बाजारात, पाहुण्यांत सगळे एकच विचारतात, यंदा तळ्यात माशांचं बीज, म्हणजे पिल्लं, किती सोडलं? मे महिन्यात तळ्यात पाणी किती होतं हे कोणी विचारत नाही. मीपण नव्हतो विचारत. मच्छीमार संस्थेचा हिशोब माझ्याकडे आला तेव्हा माझ्या डोक्यात साधं गणित होतं, जास्त बीज म्हणजे जास्त मासा म्हणजे जास्त पैसा, आणि ते गणित किती चुकीचं आहे हे एका पहाटे कळलं.

आधी तळ्याचं सांगतो. आमचं तळं मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या (सारा गोळा करणाऱ्या जुन्या जमीनदारांच्या) वेळचं, भंडारा जिल्ह्यातलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात कोहळी लोकांनी बांधलेली अशी हजारो तळी आहेत, १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तळी सरकारच्या ताब्यात आली. पाणी शेतकऱ्यांच्या धानाला आणि मासा आम्हा ढिवरांना (मासेमारी करणारा समाज), ही वाटणी गावात अजून चालते. आता गंमत बघा, भर पावसाळ्यात आमचं तळं १४ हेक्टर पसरतं, मग पाऊस दगा देतो, धान पोटरीत असतो, तुडूम, म्हणजे बांधातली पाणी सोडायची दारं, उघडतात, पाणी जातं, उरलेलं उन्हानं जातं आणि मेच्या शेवटी मधल्या खोलगट भागात तीनेक हेक्टर पाणी राहतं, तेही कंबरभर. मासे मात्र तेवढेच असतात, वर ते वाढलेले असतात.

त्या वर्षी बीज स्वस्तात मिळालं. दरवर्षी ३० हजार सोडायचो, मी मीटिंगमध्ये उभा राहून म्हणालो १ लाख सोडू. संस्थेतले म्हातारे आबाजी तेव्हा कोपऱ्यात बसले होते, एवढंच म्हणाले, "पानी का म्हनते ते पाय गा आदी," म्हणजे पाणी काय म्हणतं ते आधी बघ. मला वाटलं म्हाताऱ्या माणसाचं बोलणं. सोडलं १ लाख.

पुढच्या मेमध्ये दोन दिवस आभाळ भरून होतं, वारा बंद, आणि पहाटे साडेचारला काकांचा फोन आला, मासे वर आले म्हणून. पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, पोचलो तेव्हा अंधारच होता पण आवाज आधी आला, चपचप चपचप, पाऊस पडल्यासारखा, आणि टॉर्च मारला तर पाण्यावर नुसती तोंडं, हजारो तोंडं, उघडतायत मिटतायत. पाण्यातला ऑक्सिजन संपला होता. दिवसा ऊन असलं की पाण्यातलं हिरवं शेवाळ, झाडं ऑक्सिजन बनवतात, रात्री तीच झाडं आणि मासे मिळून तो खातात, म्हणून पहाटे सगळ्यात कमी असतो, त्यात आभाळ असलं की दिवसाची कमाईच झालेली नसते, त्यात गरम पाणी, गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. आणि वरून माझे १ लाख. शेजारच्या शेतातला पंप आणून पाणी हवेत उडवलं, पोरं उतरून हातपाय मारत राहिली, सूर्य वर आला तेव्हा जरा निवलं. पण काठाला पांढरी रांग लागली होती. आम्ही सोडतो त्या माशांत कटले आधी जातात, मृगळ त्यामानानं जरा टिकतात. जे उरले ते काढून वजन केलं तर वर्षाचा कटला पावभर, जो आधी किलोच्या आसपास भरायचा. खाणं तेवढंच, तोंडं तिप्पट, दुसरं काय होणार.

शेततळ्यात हेक्टरी ५ हजार, १० हजार बोटुकली (बोटभर झालेली पिल्लं) सोडतात हे खरं आहे, पण तिथे रोज पेंड-भुसा टाकतात. आमच्यासारख्या मोठ्या तळ्यात कोणी खाद्य टाकत नाही, तळं जे पिकवेल ते माशानं खायचं. म्हणून तेव्हापासून आमचा हिशोब भरलेल्या तळ्यावर होत नाही, मे महिन्यातल्या पाण्यावर होतो. काठी घेऊन डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, फिरतो, पाच-सहा जागी खोली बघतो, वहीत लिहितो. पावसाळ्यानंतर हात कोपरापर्यंत पाण्यात घालून बघतो. पाणी हिरवट असेल आणि कोपराशी पोचता पोचता पंजा दिसेनासा झाला तर पाण्यात बारीक खाणं म्हणजे प्लवंग बरं आहे, पंजा स्वच्छ दिसला तर तळं उपाशी आहे, मनगटाशीच दिसेना तर जास्त झालं, मग ढगाळ दिवसाची भीती. आता २० हजारच सोडतो, पण बोटभर लांब झालेलीच घेतो, जिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) किंवा लहान बीज घेत नाही, कारण त्याला तळ्यातले बाकीचे मासे खाऊन टाकतात. आणि नोव्हेंबरपासून काढायला सुरुवात करतो, होळीपर्यंत निम्म्याहून जास्त काढलेले असतात, म्हणजे पाणी उतरतं तसे मासेही उतरतात.

कटला, रोहू, मृगळ यांचं एक बरं आहे, यांचा आकडा आपल्या हातात असतो. हे थांबलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. पूर्वी नदीतून बीज गोळा करून आणायचे. १९५७ मध्ये हिरालाल चौधरींनी ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं आणि तेव्हापासून बीज केंद्रांतून मिळायला लागलं, १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिवस त्याचाच. तर हे तीन मासे जितके सोडाल तितकेच.

तिलापियाचं बरोबर उलटं आहे. १९५२ मध्ये हा मासा देशात आणला, आमच्या तळ्यात कोणी सोडला माहीत नाही, बहुतेक बीजाच्या पिशवीतूनच आला असेल. पाणी उतरलं की काठाच्या चिखलात ताटाएवढे गोल खड्डे दिसतात, ती त्याची घरटी. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लंही तोंडात सांभाळते, त्यामुळे मरतात कमी, आणि दोन-तीन महिन्यांचा मासा स्वतः अंड्यावर येतो. मग तळं बोटाएवढ्या तिलापियानं भरून जातं, कोणीच मोठा होत नाही. आम्ही आता डिसेंबरात काठाकाठानं ओढजाळं लावून मिळेल तेवढा तिलापिया काढतो, लहान असला तरी पाण्यात परत टाकत नाही. एरवी बाकी सगळ्यांसाठी उलटा नियम आहे, बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, जाळं बंद, यावरून भांडणंपण झाली आणि मला अजून वाटतं की झाली ते बरं झालं.

पण तिलापियावर खरा इलाज मरळ आहे, हा शिकारी मासा. आमच्यातले काही जण म्हणायचे मरळ बीज खातो, काढून टाका. खातो ना, लहान बीज खातो, म्हणूनच बोटुकली मोठी सोडायची. तोच मरळ तिलापियाची पिल्लंपण खातो, आणि बाजारात मरळाचा भाव कटल्यापेक्षा जास्त. त्याला लागतं काय तर काठाला गवत, पाणवनस्पती, अंडी घालायला आडोसा. आमच्याकडे ती जागा सगळी बेशरमनं, म्हणजे काठाला माजणाऱ्या त्या झुडपानं, खाल्ली होती. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे तळ्यांचे अभ्यासक मनीष राजनकर आणि तिथले पतिराम तुमसरे यांनी ढिवर समाजासोबत तळ्यांतली बेशरम काढून देशी वनस्पती परत लावल्या, ते ऐकून आम्हीपण दोन उन्हाळे बेशरम मुळासकट उपटली. बायकांनी सगळ्यात जास्त काम केलं. तोडून चालत नाही, कांडी चिखलात पडली की परत फुटते, सगळं पाळीच्या पलीकडे वाळवून जाळावं लागतं.

बीज सोडायचीपण एक गोष्ट. गाडी रात्रीची प्रवास करून येते, सगळे थकलेले, पिशवी फाडली आणि ओतलं असं चालायचं. आता पिशव्या बांधलेल्याच पाण्यावर वीस मिनिटं तरंगत ठेवतो, मग तोंड उघडून थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घालतो, आणि पिशवी आडवी करून धरतो, बोटुकली आपली आपण बाहेर जातात. गेल्या वर्षी आबाजी स्वतः पाण्यात उभे राहून एकेक पिशवी धरत होते, घाई करू देईनात.

या आठवड्यात सकाळी कमळाच्या बाजूला पाण्यावर लालसर पुंजका दिसला, थाळीएवढा, उकळल्यासारखा हलत होता. मरळाची पिल्लं. खाली मोठी जोडी होती, मी डोंगा जवळ नेला तर एकानं पाणी उडवलं. लहान असताना आम्ही अशा पुंजक्याखाली गळ टाकून आईबाप ओढून काढायचो, मग पिल्लं दोन दिवसांत बाकीच्यांच्या पोटात. संध्याकाळी संस्थेच्या ग्रुपवर टाकलं की त्या कोपऱ्यात महिनाभर कोणी जाळं लावायचं नाही, पोरांनापण सांगा. काकांनी तिथे बांबू रोवून लाल फडकं बांधलंय.