आरती ओळखू येईना!
आज हार्मोनियमच्या वर्गात गणपतीची आरती वाजवली. स्वर तेच, फक्त प्रत्येक स्वर सारख्याच लांबीचा. लहानपणापासून तोंडपाठ असलेली चाल, तरी मुलांना बराच वेळ ओळखता येईना! मग एकाच स्वरावर नुसती लय वाजवली, तर गोंधळ आणखीच वाढला. सिल्वी एबेर आणि इसाबेल पेरेत्झ या संशोधकांच्या १९९७ च्या अभ्यासातही असंच दिसलं होतं: ओळखीची चाल नुसत्या लयीपेक्षा नुसत्या स्वरांवरून जास्त ओळखू येते, पण दोन्ही एकत्र आले की सर्वांत चांगली. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण आधी सरगम घोकून घेतो आणि ताल नंतर देतो (मीही तशीच शिकले). उद्यापासून पलटेसुद्धा (सरावासाठीच्या स्वरांच्या ठरावीक रचना) हाताने टाळी देतच म्हणायचे.