रोही वनविभागाचा, रस्ता कुणाचा?

ज्या वळणावर गाड्यांखाली रोही (नीलगायी) मरत होते, तिथे गतिरोधक आणि फलक बसायला २ दिवस लागले. तो रस्ता कुणाचा, हे ठरायला ७ महिने.

वनविभाग म्हणाला, जनावरं आमची, रस्ता नाही. सार्वजनिक बांधकामवाले म्हणाले, वनविभागाचं पत्र आणा. पत्र आणलं तर साहेबांनी विचारलं, "साखळी क्रमांक?" मी अर्जात लिहिलं होतं, 'नाल्याजवळच्या वळणावर'. असा अर्ज टेबलावरच पडून राहतो. साखळी, म्हणजे रस्त्यावरचं मोजलेलं अंतर, ६/४०० ते ६/९०० असं लिहायचं, म्हणजे ६ किलोमीटरच्या दगडापुढे ४०० ते ९०० मीटर. अंतर टेपनं मोजा, गाडीच्या काट्यावर विसंबू नका.

साखळी दिली तर नवीनच निघालं: "हा जिल्हा परिषदेचा." राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, इतकं मलाही ठाऊक होतं. पण आमच्या रस्त्याची दर्जोन्नती झालेली, म्हणजे त्याला वरचा दर्जा मिळालेला, आणि तो कागद दोघांनाही सापडेना. म्हणजे सापडवायचा नव्हता. चार चकरा मारल्यावर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाकला. मागणी एकाच ओळीची: या रस्त्याचा क्रमांक, दर्जा आणि देखभाल करणारं कार्यालय. कलम ६(३) प्रमाणे माहिती दुसऱ्याकडे असेल तर अर्ज ५ दिवसांत तिकडे पाठवावाच लागतो, त्यामुळे 'आमचा नाही' म्हणून हात झटकता येत नाहीत. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

उत्तर हातात आल्यावर संयुक्त पाहणी लगेच लागली.

अर्जासोबत पंचनाम्यांच्या प्रती जोडा. मेलेलं जनावर दिसलं की वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. पंचनामा नसेल तर कागदावर ते मेलेलंच नाही. ससा, उदमांजर, साप यांचा पंचनामा क्वचितच होतो. त्यांची वही आपणच ठेवायची: तारीख, वेळ, साखळी, आणि मागे दगड दिसेल असा फोटो.

गतिरोधकाचं माप पाहणीच्या टिपणातच लिहून घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच होतं; ती २०१८ मध्ये सुधारली, तेव्हा नव्या आवृत्तीतलं माप बघून घ्या. ठेकेदार अरुंद उंचवटा टाकतो, मग गाड्यांचं बूड घासतं आणि गावकरीच तो फोडतात. आमच्याकडचे रम्बलर (वेग कमी करायला टाकलेले बारीक उंचवट्यांचे पट्टे) कडेला हातभर आधीच संपतात, तिथून मोटारसायकली सुसाट जातात. पूर्ण रुंदी मागा.

आणि कडेची झुडपं पावसाळा संपल्यावर तोडायला सांगा. आमच्याकडे जुलैत तोडली. महिनाभरात कोवळं गवत फुटलं आणि चितळं थेट डांबराच्या कडेला चरायला आली.