तीन छोटी नाटकं, एक संध्याकाळ: तालमीची खबरबात

तारीख पक्की झाली. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी साडेसहाला, नागपुरात धरमपेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात माझी तीन छोटी नाटकं एकापाठोपाठ होतील. एकही पंचवीस मिनिटांच्या वर जात नाही. मध्यंतर नाही, त्यामुळे चहा आधीच पिऊन या.

आपल्याकडे एकांकिका म्हटली की स्पर्धा, आणि स्पर्धा म्हटली की पाऊण तास. त्यात चार-पाच ब्लॅकआऊट, एक फ्लॅशबॅक आणि शेवटी परीक्षकांच्या टेबलाकडे भिरकावलेला धक्का. या वेळी एकच अट घालून लिहिलं: अंधार करायचा नाही. जागा एक, वेळ सलग. पात्र आत पाठवायचं तर त्याला जायचं कारण शोधावं लागतं, दिवे मालवून सुटका नाही. अडलो की मी नाटककार प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' ही एकांकिका काढून बसतो. दोन पात्रांवर उभी आहे ती. (२०१९ साली नागपुरात ९९वं नाट्य संमेलन झालं तेव्हा अध्यक्ष तेच होते. त्या निमित्ताने तरी शहरात एकांकिकेला स्पर्धेबाहेरचे चार दिवस मिळतील असं वाटलं होतं. असो.)

पहिलं नाटक 'शेवटची गाडी'. सीताबर्डीचं मेट्रो स्टेशन, जिथे ऑरेंज आणि ॲक्वा लाइन एकत्र येतात. रात्रीची वेळ, एक म्हातारा ऑटोवाला आणि एक तरुण सुरक्षारक्षक. ऑटोवाल्याला कुठेही जायचं नाही. आपली सवारी नेमकी कोणत्या दारातून गेली, तेवढं बघायला तो तिकीट काढून वर आलाय. नाटक हलकंफुलकं आहे, बसत आलंय. आमचं भांडण फक्त एका गोष्टीवरून होतं. ऑटोवाला करणारा नट वाक्यागणिक 'बे' लावतो, कारण तालीम बघायला आलेली पोरं हसतात. संहितेत तो एकदाच आहे, रक्षक त्याला गाडीत बसू देत नाही तेव्हाचा. त्याच्या आधी दहा वेळा खर्च झाला तर तिथे हातात काय उरणार?

शेवटचं 'ताण'. काटोलकडची संत्र्याची बाग. मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात. पानं सुकतात, गळतात, आणि मग पाऊस पडला की फुलोरा येतो. बाप पाणी तोडून बसलाय, मुलगी मोटार सुरू करायला निघालीय. एवढंच नाटक. मे महिन्यात तालमी करायच्या म्हणजे कूलर की संवाद, एक काहीतरी निवडा. बाकी दोन्ही नाटकांच्या वेळी आम्ही कूलर मधूनमधून लावतो, 'ताण'ला मात्र बंदच असतो. अंगाची काहिली झालेला नट झाडांच्या तहानेबद्दल बोलतो तेव्हा मला दिग्दर्शनात फारसं काही करावं लागत नाही. प्रयोग जुलैत आहे, तेव्हा बाहेर धो धो सुरू झालं तर काय, हा प्रश्न आमच्या प्रकाशयोजनावाल्याने विचारलाय. उत्तर कुणाकडेच नाही.

आता मधलं. खरं तर याच्याचबद्दल सांगायचं होतं. 'मागचा माणूस' ही एकट्याची नाटिका: झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या रंगभूमीवर, आयुष्यभर प्रॉम्प्टिंग केलेला, नटांना मागून वाक्यं सांगणारा एक गृहस्थ. वडसा, गडचिरोलीकडे ज्यांनी शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री नाटक बघितलंय त्यांना ठाऊक आहे की तिथे प्रयोग पहाटेपर्यंत चालतो आणि प्रॉम्प्टरचा घसा बसला तर नायकही गप्प होतो. हे मी आधी शेवटी ठेवलं होतं. पण अडचण साधी होती. 'शेवटची गाडी'ची लेव्हल (लाकडी चौथरा) आणि रेलिंग हलवून तिथे 'ताण'साठी विहिरीचा कठडा आणि मोटारीची पेटी लावायची, त्याला आमच्या पोरांना किमान सात-आठ मिनिटं लागतात. तेवढा वेळ प्रेक्षकांना अंधारात बसवायचं, तर माझी अट गेली खड्ड्यात.

मग पडदा पाडला आणि प्रॉम्प्टरला पडद्यापुढे आणलं. तो बोलतोय आणि मागे लाकडं सरकताहेत, खिळा ठोकला जातोय, कुणीतरी दबक्या आवाजात 'अरे इकडून धर' म्हणतंय. पहिल्यांदा केलं तेव्हा सगळे कानकोंडे झाले. दुसऱ्या वेळी नटाने स्वतःहून मान वळवून मागे 'हळू!' असं दटावलं आणि नाटक जागेवर आलं. हा माणूस जन्मभर याच आवाजात जगलाय, त्याला शांतता दिली तर तोच परका वाटेल. आता ठोकाठोकी कधी व्हावी, कधी थांबावी हे मी संहितेत लिहून काढलंय. नेपथ्याच्या पोरांना संवाद नाहीत, पण क्यू आहेत. त्यातला एक तर इतका जोशात आलाय की रेलिंग उचलताना अभिनय करतो. त्याला आवरणं सुरू आहे.

राहिलेली कामं: सेन्सॉरचं प्रमाणपत्र यायचंय. मेट्रोच्या घोषणा आमच्याच आवाजात रेकॉर्ड करायच्या आहेत. रंगीत तालीम आदल्या गुरुवारी, तेव्हा ज्यांना तिन्हीतली कापाकापी सुचवायची असेल त्यांनी त्या दिवशी या, प्रयोगानंतर सांगून उपयोग नाही. आणि प्रॉम्प्टरसाठी जुना, दोन सेलचा, धातूचा टॉर्च हवाय. बटण कडक, दाबलं की खट्ट वाजेल असा. कुणाच्या माळ्यावर असेल तर कळवा, प्रयोग झाला की परत मिळेल.