दळायचं नाही, भरडायचंय: आमची वाटचाल

घरी बिअर बनवणाऱ्या लोकांकडं मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) भरडायची जी छोटी दोन रोलरची मिल असते ना, हँडलवाली, तिला मोटर बसवून द्यायचं काम आम्ही करतो. मिल आम्ही बनवत नाही, मोटरही बनवत नाही, मधलं जे काय असतं ते आमचं, म्हणजे पुल्या, शाफ्ट, बेअरिंग, कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा तुकडा), स्टँड, गार्ड, स्विच. एवढ्याशा कामावर वर्कशॉप कसं चालतं असं खूप जण विचारतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं.

सुरुवात घरातनंच झाली. मी मोटर रिवाइंडिंग (जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं काम) करायचो आणि धाकट्या भावाला ब्रुइंगचा नाद लागलेला. वीस लिटरच्या एका बॅचला साधारण साडेचार-पाच किलो मॉल्ट लागतं आणि ते हातानं भरडायला त्याला वीस मिनिटं लागायची, त्यात मिल टेबलावर नाचायची म्हणून एकानं ती धरायची, एकानं फिरवायचं. धरायला मी. मग त्यानं हँडल काढून ड्रिल मशीन लावलं. पहिल्या दोन बॅच मस्त झाल्या, तिसऱ्या वेळी जळका वास आला आणि मी ते उघडून बघितलं तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला तार गुंडाळलेला फिरता भाग, काळं पडलेलं. कारण सरळ होतं, मिल हळू फिरवायची म्हणून तो ट्रिगर अर्धाच दाबायचा, म्हणजे मोटरवर लोड पूर्ण पण तिचा पंखा मात्र रखडत फिरतोय, थंड होणार कुठून? ड्रिल दोन मिनिटांच्या कामासाठी असतं, ओझं ओढत बसायला नाही.

मग मी म्हटलं मोटर माझं क्षेत्र आहे, मी बघतो. एका जुन्या मशीनची अर्धा एचपीची इंडक्शन मोटर पडलेली होती, चार पोलची, म्हणजे ५० हर्ट्झवर साधारण १४४० आरपीएम (६० हर्ट्झ असेल तिथे हीच मोटर १७२५ च्या आसपास फिरते). हाताशी होत्या त्या पुल्या लावल्या, मोटरला अडीच इंची आणि मिलला आठ इंची. गणित केलं तर मिनिटाला ४५० फेऱ्या येतात, पण तेव्हा मी गणित केलंच नव्हतं, मला वाटलं जेवढं लवकर संपेल तेवढं चांगलं. दीड मिनिटात पाच किलो संपलं आणि आम्ही दोघं जाम खूश. आणि त्या दिवशी मॅशमधून (गरम पाण्यात भिजवलेल्या भरडीतून) वर्ट, म्हणजे तिचं गोड पाणी, निथळेचना, नळी उघडली की थेंब थेंब, खाली सगळा चिखल बसलेला.

भावानं बादलीतली मूठभर भरड एका पांढऱ्या कागदावर पसरली आणि शेजारी हातानं भरडलेल्याची मूठ ठेवली. ते चित्र मला अजून दिसतं. हाताच्या भरडीत टरफलं जवळजवळ अख्खी होती, मधोमध उघडलेली, होडीसारखी, आणि आतला पांढरा गर तीन-चार तुकडे होऊन बाहेर पडलेला. माझ्या मोटरच्या भरडीत टरफलाच्या चिंध्या झालेल्या आणि अर्धंअधिक पीठ. तो म्हणाला, "दादा, दळायचं नाहीये, भरडायचंय." या एका वाक्यावर आमचा सगळा धंदा उभा आहे असं मी आजही मानतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बार्लीचं टरफल टाकाऊ नसतं, मॅश झाल्यावर तेच गाळणीचं काम करतं. टरफलं अख्खी राहिली की त्यांचा जाड थर बसतो आणि गोड पाणी त्यातनं स्वच्छ खाली येतं. फाटली की थर दबतो, पीठ भोकं बुजवतं आणि सगळं तुंबतं. दुसऱ्या बाजूनं दाणा अख्खाच राहिला तर आतल्या गराची साखर होत नाही. म्हणजे या दोन्हीच्या मधे राहायचंय आणि त्यात रोलरमधल्या गॅपइतकाच वाटा वेगाचा आहे. वेग जास्त झाला की दाणे रोलरच्या माथ्यावर उड्या मारत राहतात, धड पकडलेच जात नाहीत, आणि जे पकडले जातात ते दाबले जायच्या ऐवजी फाडले जातात. आम्ही महिनाभर वेगवेगळ्या पुल्या लावून बघितल्या, गॅप तोच एक मिलिमीटर, मॉल्ट तेच, आणि आमच्यापुरता निकाल असा की १५० ते २०० फेऱ्यांच्या मधे भरड हातासारखी येते, २५० पर्यंत चालवून घेता येतं, त्याच्या पुढं नको. १८० वर आम्ही थांबलो. पाच किलोला तीन-साडेतीन मिनिटं लागतात आणि ती लागू द्यावीत.

हळू करण्याचा दुसरा फायदा मला नंतर कळला आणि मी मोटरवाला असून नंतर कळला याचं मला वाईट वाटलं. हँडल २० सेंटीमीटरचं होतं, त्याच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवून भरल्या हॉपरवर (मिलवरच्या दाणे ओतायच्या भांड्यावर) ओढून बघितलं तर जास्तीत जास्त सहा किलो दाखवायचा, म्हणजे शाफ्टवर साधारण १२ न्यूटन-मीटर टॉर्क. अर्धा एचपीची मोटर १४४० वर स्वतः जेमतेम अडीच न्यूटन-मीटर देते. तीच सहापट हळू केली की पंधराच्या आसपास, आठपट केली की वीसच्या आसपास, बेल्टमधे थोडं जातं ते सोडा. म्हणजे ४५० वर माझी मोटर आठाच्याच आसपास देत होती, ती जड वाटली की कण्हायची ते उगाच नव्हतं. लोक अजूनही फोन करून पहिला प्रश्न विचारतात "किती एचपी?", आणि आम्ही उलट विचारतो, "मिलचा शाफ्ट किती फेऱ्या फिरायला हवाय?"

भावाच्या ओळखीतल्या तिघा-चौघांना तसंच करून दिलं, त्यांच्या ओळखीतनं आणखी आले, आणि वर्षभरात रिवाइंडिंगपेक्षा हेच काम जास्त व्हायला लागलं तेव्हा आम्ही वेगळं वर्कशॉप काढलं.

पहिलं किट एकदम साधं होतं. मोटरवर दोन इंची पुली, मिलवर बारा इंची, मधे बेल्ट, फळीवर सगळं ठोकलेलं. २४० फेऱ्या. त्यात दोन चुका होत्या. एक म्हणजे स्टँड लहान करायच्या नादात दोन शाफ्टमधलं अंतर दहाच इंच ठेवलेलं, त्यानं छोट्या पुलीला बेल्ट फक्त १२० अंश गुंडाळला जायचा आणि भार आला की सटकायचा. लोक मग बेल्ट आणखी ताणायचे. पंधरा इंच अंतर ठेवलं की तोच बेल्ट १४१ अंशापर्यंत पकडतो आणि एवढं ताणायची गरजच राहत नाही. दुसरी चूक मोठी. त्या ताणलेल्या बेल्टचा सगळा ओढा मिलच्या शाफ्टवर एका बाजूनं यायचा आणि बऱ्याच मिलमधे आत बेअरिंग नसतं, पितळी बुश असतं, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती साधी नळी. सात-आठ महिन्यांनी एका ग्राहकाची मिल आली, बुश अंडाकृती झालेलं, एका टोकाला गॅप एक मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला दीड, म्हणजे अर्धे दाणे अख्खेच खाली पडत होते. त्यांनी तक्रारसुद्धा केली नव्हती, फक्त विचारलं होतं की हल्ली साखर कमी का मिळतेय. ती मिल आम्ही नवं बुश करून परत दिली आणि जेवढी किटं गेली होती त्या सगळ्यांना फोन केले.

तेव्हापासून पुली मिलवर बसवणं बंद. आता बारा इंची पुली वेगळ्या शाफ्टवर असते, तो दोन पेडेस्टल बेअरिंगमधे बसवलेला, बेल्टचा ओढा ती बेअरिंगं घेतात आणि मिलला फक्त फिरवणं पोचतं, मधे रबरी चांदणीचं कपलिंग, ज्याला सगळे लव्हजॉय म्हणतात ते. कपलिंगमुळे थोडंफार इकडं-तिकडं सांभाळलं जातं, पण थोडंफारच बरं का, फूटपट्टी लावून दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणायलाच लागतात. ज्यांना १८० पाहिजे त्यांना दोन टप्प्यात करून देतो, तीन इंचीवरून सहा इंची, मग तीन इंचीवरून बारा इंची. जागा जास्त खातं पण छोट्या पुलीवर बेल्ट एवढा वाकत नाही आणि जास्त टिकतो.

शाफ्टचं माप ही आमची रोजची लढाई. कुठली मिल ३/८ इंच, कुठली १० मिलिमीटर, कुठली १२, कुठली अर्धा इंच म्हणजे १२.७. ३/८ म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, त्यावर दहाचं कपलिंग अलगद बसतं, ग्रब स्क्रू (कपलिंग शाफ्टवर दाबून धरणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) आवळला की घट्टही वाटतं आणि मग पहिल्याच महिन्यात थरथरत सैल होतं. सैल झालेला ग्रब स्क्रू शाफ्टवर जी गोल खरड काढतो ती बघून मला खरंच त्रास होतो, कारण त्यानंतर त्या शाफ्टवरनं कपलिंग धड निघतही नाही. म्हणून आम्ही पट्टीनं मोजलेलं माप घेत नाही. व्हर्निअरनं मोजून फोटो पाठवा म्हणतो, आणि शाफ्टला चपटी बाजू नसेल तर कानस लावून करून घ्या असं सांगतो, कसं करायचं ते फोनवर सांगतो. यात ऑर्डर चार दिवस लांबते, लांबू दे.

दुसऱ्या वर्षी मोठा फटका बसला. एका पुरवठादाराकडून एकदम वीस मोटरी घेतल्या, प्लेटवर अर्धा एचपी, १४४०, सगळं बरोबर. बिगरलोडच्या टेस्टला सगळ्या छान फिरल्या. ग्राहकाकडं गेल्यावर हॉपर भरून स्विच दाबला की नुसतं हम्म्म आणि शाफ्ट हलेना. उघडल्या तर त्या कायम कपॅसिटरवाल्या निघाल्या, पंख्याला असते तशी रचना, धावताना चांगली पण सुरू होताना जोर फार कमी. आम्ही मागितल्या होत्या कपॅसिटर स्टार्टच्या, ज्यात सुरू होताना वेगळा मोठा कपॅसिटर लागतो आणि वेग आला की सेंट्रिफ्यूगल स्विच तो सोडवतो. पुरवठादारानं परत घेतल्या नाहीत. आम्ही ग्राहकांच्या सगळ्या बदलून दिल्या, त्या वर्षी हातात काही उरलं नाही. पण दोन गोष्टी पक्क्या झाल्या. आता प्रत्येक मोटर भरल्या हॉपरवर सुरू करून बघितल्याशिवाय पॅक होत नाही. आणि हॉपरच्या तळाला सरकती पट्टी देतो, आधी मिल रिकामी सुरू करा, वेग येऊ द्या, मग पट्टी ओढा. कितीही दमदार मोटर असली तरी ही सवय ठेवा.

धुळीबद्दल मी जरा जास्तच बोलतो असं घरचे म्हणतात, पण बोलणारच. मॉल्टची धूळ अगदी बारीक असते आणि जाळीवाल्या उघड्या मोटरीत ती थेट वाइंडिंगवर जाऊन बसते, मी रिवाइंडिंगला आलेल्या अशा मोटरी खरवडून काढल्यात. शिवाय धान्याची धूळ बंद खोलीत हवेत दाट झाली तर ठिणगीनं पेट घेऊ शकते, म्हणून कार्बन ब्रशवाल्या मोटरी आम्ही देत नाही, पूर्ण बंद, बाहेरून पंख्यानं थंड होणाऱ्याच देतो आणि मिलखाली झाकणाची बादली. आणि ब्रुइंगच्या बाजूनं बघाल तर मॉल्टच्या दाण्यावर लॅक्टोबॅसिलस, म्हणजे आंबट करणारा जीवाणू, असतोच, ती धूळ फर्मेंटरवर (बिअर तयार होते त्या भांड्यावर) गेली तर बिअर आंबू शकते. भरडायचं ते फर्मेंटरपासनं लांब, जमलं तर वेगळ्या खोलीत.

आणि स्विच. एका ग्राहकाकडं भरडताना वीज गेली, ते रोलरमधे अडकलेला दाणा बोटानं काढत होते आणि वीज आली. बोट वाचलं, नख गेलं. ते स्वतः म्हणाले की माझीच चूक, प्लग काढायला हवा होता, पण मला रात्रभर झोप लागली नाही, कारण साधा चालू-बंद स्विच मी लावून दिला होता. त्या दिवसापासून नो-व्होल्ट रिलीजचा स्विच, म्हणजे वीज जाऊन आली तरी हिरवं बटण परत दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. हॉपरच्या तोंडाला जाळी, बेल्टला दोन्ही बाजूनं गार्ड, बॉडीला अर्थिंग. काही जण म्हणतात गार्ड नको, तेवढं स्वस्त द्या. तसं किट आमच्याकडं मिळत नाही.

गेली काही वर्षं गिअर मोटर जास्त जाते, बेल्टच नाही, मोटर-गिअरबॉक्स-कपलिंग-मिल एका रेषेत, आवाज कमी, जागा कमी. पण बेल्ट सटकून मिल वाचवायचा ते यात होत नाही, खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला तर गिअरबॉक्स थांबत नाही. म्हणून त्यात हॉपरमधे चुंबक आणि उलटं फिरवायचा स्विच देतो. मोटर पूर्ण थांबल्यावरच उलटं करायचं, फिरत असताना दिशा बदलली तर सिंगल फेज मोटर तशीच सरळ फिरत राहते आणि लोकांना वाटतं स्विच खराब आहे.

भाऊ अजून दर बॅचला नवीन काहीतरी करून बघतो. मॉल्टवर वजनाच्या दोन टक्के पाणी फवारायचं, पाच किलोला शंभर मिली, हलवून दहा मिनिटं ठेवायचं, टरफल चामड्यासारखं लवचिक होतं आणि फाटत नाही. हे त्यानंच मला दाखवलं आणि आता किटच्या कागदात छापलंय, सोबत ही ओळपण की नंतर रोलर ब्रशनं कोरडे करा, नाहीतर खाचांत पीठ चिकटून बसतं आणि मोकळा रोलर (ज्याला मोटर जोडलेली नसते, जो दाण्यांच्या ओढीनंच फिरतो तो) फिरायचा थांबतो. हा मोकळा रोलर थांबणं हे "मोटर कमी पडतेय" म्हणून येणाऱ्या निम्म्या फोनांचं खरं कारण असतं, त्यामुळे फोन आला की आधी तेच विचारतो, दुसरा रोलर बोटानं सहज फिरतोय का बघा, प्लग काढून.

सध्या टेबलावर तीन रोलरची मिल आहे. तिला सुरू व्हायला जास्त जोर लागतो आणि आमचं १८० तिला बरोबर आहे का ते अजून ठरलेलं नाही, १५० ची पुली लेथवर आहे, ती आली की भाऊ परत पांढरा कागद घेऊन बसेल.